उपदेश आणि फल : अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यातील ईश्वरनिर्भरतेचा ऐतिहासिक अभ्यास (१८१३–१९१९)

प्रास्ताविक :

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या सामाजिक व सांस्कृतिक इतिहासात ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याला महत्त्वाचे स्थान आहे. मुद्रणकला, शिक्षण, स्त्रीशिक्षण, वृत्तपत्रे आणि मराठी गद्याची जडणघडण या क्षेत्रांतील त्यांच्या कामगिरीची नोंद अभ्यासकांनी वेळोवेळी घेतली आहे. तसेच धर्मांतराच्या हेतूवर आणि साधनांवर झालेली टीकाही आपल्या परिचयाची आहे. मात्र ज्या कामासाठी हे लोक आले, ते उपदेशाचे काम अनेक वर्षे जवळजवळ निष्फळ ठरत असताना त्यांनी ते का सोडले नाही, या प्रश्नाकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या एका धर्मशास्त्रीय धारणेत सापडते. उपदेश करणे हे माणसाचे कर्तव्य असून त्याचे फल देणे हे सर्वस्वी ईश्वराचे काम आहे, अशी ती धारणा होय. प्रस्तुत निबंधात अमेरिकन मराठी मिशनच्या इतिहासाच्या आधारे या धारणेचे स्वरूप, तिच्यापुढे उभे राहिलेले पेच आणि तिचे परिणाम यांचा विचार केला आहे.

१. धारणेची धर्मशास्त्रीय पार्श्वभूमी :

या धारणेचे मूळ बायबलमध्ये आहे. करिंथ येथील मंडळीत उपदेशकांच्या नावाने तट पडले, तेव्हा पौलाने त्यांना शेतीचा दृष्टान्त दिला. आपण लावणी केली, अपुल्लोसाने पाणी घातले, परंतु वाढ देवाने दिली, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. मार्ककृत शुभवर्तमानात बी पेरून झोपी जाणाऱ्या शेतकऱ्याचा दाखला येतो. बी कसे रुजते हे त्याला कळत नाही, तरी पीक उभे राहते. देवाचे वचन रिकामे परत येत नाही, हा यशयाच्या ग्रंथातील विचारही उपदेशकांच्या विशेष आवडीचा होता.

अमेरिकेतील न्यू इंग्लंड प्रांतात या वचनांना कॅल्व्हिनपंथी विचारांची बैठक लाभली. जोनाथन एडवर्ड्‌स यांनी १७५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इच्छास्वातंत्र्यविषयक ग्रंथात माणसाचे मन ईश्वरी कृपेवाचून ईश्वराकडे वळत नाही, या भूमिकेचे तत्त्वज्ञानाच्या अंगाने समर्थन केले होते. त्यांनीच १७४९ मध्ये संपादित केलेले डेव्हिड ब्रेनर्ड यांचे चरित्र मिशनरी होऊ इच्छिणाऱ्या तरुणांच्या दोन-तीन पिढ्यांनी वाचले. मन वळवणे हे देवाचेच काम असेल तर उपदेश कशासाठी करायचा, हा आक्षेप यावर स्वाभाविकपणे येतो. विल्यम कॅरी यांनी १७९२ मधील आपल्या पुस्तिकेत त्याला उत्तर दिले. देव साधनांच्या द्वारे काम करतो, म्हणून साधने वापरणे हे ख्रिस्ती माणसावर बंधनकारक आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. कॅरी १७९३ मध्ये बंगालमध्ये आले आणि त्यांच्या मिशनचा पहिला हिंदू अनुयायी कृष्ण पाल याचा बाप्तिस्मा १८०० च्या डिसेंबरअखेर झाला. मधल्या सात वर्षांच्या प्रतीक्षेचे उदाहरण पुढील मिशनऱ्यांपुढे सतत राहिले.

याच्या विरुद्ध टोकाचा विचारही अमेरिकेतच मांडला गेला. चार्ल्स फिनी यांच्या १८३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत धार्मिक पुनरुज्जीवन हे योग्य साधनांच्या योग्य वापराचे फळ असते, असे मत आढळते. हे मत मान्य केले, तर फळ न येणे हा उपदेशकाचा दोष ठरतो. पहिले मत मान्य केले, तर अपयशाचाही अर्थ लावता येतो, परंतु आत्मपरीक्षण टाळण्याची सोयही होते. महाराष्ट्रातील मिशनकार्य या दोन मतांच्या ताणातच घडत गेले.

२. मुंबईतील आरंभ आणि प्रतीक्षेची वर्षे :

परदेशी मिशनकार्यासाठी अमेरिकन बोर्ड ही संस्था १८१० मध्ये स्थापन झाली. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम येथे पाच तरुणांना दीक्षा देण्यात आली. ॲडोनिरम जडसन, सॅम्युएल न्यूएल, सॅम्युएल नॉट, गॉर्डन हॉल आणि ल्यूथर राइस हे ते पाच जण होत. कलकत्त्यात पोहोचताच ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांनी त्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला. हॉल व नॉट यांनी मुंबईची वाट धरली आणि फेब्रुवारी १८१३ मध्ये ते तेथे पोहोचले. मुंबईतही त्यांच्यावर परत पाठवणीची तलवार टांगलेली होती. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याकडे त्यांनी वारंवार अर्ज केले. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण करताना मिशनऱ्यांना प्रवेशाचा मार्ग मोकळा केला आणि अखेरीस त्यांना राहता आले.

या आरंभाची किंमत मोठी होती. न्यूएल यांच्या पत्नी हॅरिएट १८१२ मध्येच मॉरिशस बेटावर वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मरण पावल्या. नॉट प्रकृतीच्या कारणाने १८१५ मध्ये परतले. न्यूएल १८२१ मध्ये पटकीने गेले. हॉल यांनी मराठी आत्मसात करून रस्त्यांवर, बाजारांत आणि देवळांच्या परिसरात उपदेश चालू ठेवला. १८२६ च्या मार्चमध्ये नाशिकच्या दौऱ्यावरून परतताना त्यांना पटकी झाली आणि २० मार्च रोजी वाटेतच, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. पटकीने ग्रस्त झालेल्या नाशिकमध्ये आपल्याजवळची औषधे त्यांनी रोग्यांना वाटली होती. मिशनने छापलेला मराठी नवा करार त्याच वर्षी पूर्ण झाला.

तेरा वर्षांच्या या श्रमांचे दृश्य फळ काय होते? मिशनने पहिला बाप्तिस्मा १८१९ मध्ये दिला. तो घेणारे कादर यार खान हे हैदराबादकडील मुसलमान गृहस्थ होते. ज्या मराठी हिंदू समाजासाठी भाषा शिकली, ग्रंथ छापले आणि शाळा काढल्या, त्या समाजातून आलेल्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही कष्टानेच भरली असती. जडसन यांनाही ब्रह्मदेशात पहिल्या अनुयायासाठी सहा वर्षे थांबावे लागले, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

तथापि हॉल व न्यूएल यांनी १८१८ मध्ये जगाच्या धर्मांतराविषयी जी पुस्तिका प्रसिद्ध केली, तिच्यात निराशेचा सूर नाही. साठ कोटी लोकांचा चर्चवर असलेला हक्क आणि चर्चचे सामर्थ्य व कर्तव्य यांची चर्चा तिच्यात आहे. ही पुस्तिका एका अर्थाने हिशेबाची आहे. किती लोकसंख्येला किती उपदेशक लागतील, याचे गणित तिच्यात मांडले आहे. परंतु हे गणित पेरणाऱ्यांचे आहे. किती लोक ख्रिस्ती होतील, याचा आकडा ते आपल्या हातात धरत नाहीत. कर्तव्याचा हिशेब माणसाने ठेवावा आणि फलाचा देवावर सोपवावा, ही विभागणी येथे स्पष्ट दिसते.

३. अहवालांचा पेच :

ही विभागणी प्रत्यक्षात पाळणे सोपे नव्हते. मिशनचा खर्च अमेरिकेतील मंडळ्यांच्या वर्गणीतून चालत असे. वर्गणी देणाऱ्यांना बातमी हवी असे आणि बोर्डाचे मासिक ती पुरवीत असे. शाळांची संख्या, विद्यार्थ्यांची संख्या, छापलेली पाने, वाटलेल्या पुस्तिका यांचे तक्ते दरवर्षी तयार होत. बाप्तिस्म्यांचा रकाना मात्र बहुधा रिकामा राही. फल देवाचे आहे असे मानणारा उपदेशक फलाची मोजदाद करून पाठवीत होता, ही विसंगती दुर्लक्षिता येत नाही.

या विसंगतीतून दोन मोह उद्भवत होते. पहिला मोह साधनालाच साध्य मानण्याचा होता. शाळा भरली की काम झाले, असे समाधान मानता येत असे. दुसरा मोह घाई करण्याचा होता. अपरिपक्व उमेदवाराला बाप्तिस्मा दिला की रकाना भरतो, परंतु मंडळी दुबळी होते. ईश्वरनिर्भरतेची धारणा या दुसऱ्या मोहाला लगाम घालीत होती. फल आपले नाही असे मनापासून मानणाऱ्याला ते ओढून काढण्याचे कारण उरत नाही. धर्मांतरात आमिष वा दडपण वापरू नये, या नैतिक आग्रहाला धर्मशास्त्रातूनच आधार मिळत होता, ही बाब धर्मांतरविषयक चर्चेत क्वचितच ध्यानात घेतली जाते.

धर्मांतर घडले की त्याचे सामाजिक मूल्य उपदेशकापेक्षा धर्मांतरित व्यक्तीला अधिक मोजावे लागे. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांच्या शाळेतील पारशी तरुण धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी यांनी १८३९ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि पारशी पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत याला न्यायालयाने वडिलांच्या स्वाधीन केले आणि त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही, यावरून मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीचा पक्ष घेतला. वारसाहक्क गमावण्याचे भय १८५० च्या कायद्याने कमी केले, तरी घर, नाती आणि पाणवठा तुटण्याचे दुःख कायद्याने दूर होणारे नव्हते. अशा परिस्थितीत एक बाप्तिस्मा हा अहवालातील एक आकडा मानणे किती उथळ होते, हे सहज लक्षात येईल.

४. १८५४–५५ चे शिष्टमंडळ : साधन आणि साध्य :

अमेरिकन मिशनने १८३१ च्या अखेरीस अहमदनगर येथे ठाणे उघडले आणि हळूहळू तेच त्याचे मुख्य केंद्र बनले. बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन एका सहकाऱ्यासह १८५४–५५ मध्ये भारतात आले. त्यांच्या विचारांचा गाभा असा होता की, मिशनचे काम शुभवर्तमान सांगणे आणि स्थानिक मंडळी उभी करणे एवढेच आहे. समाजसुधारणा, सभ्यता, शिक्षण ही त्याची आनुषंगिक फळे आहेत. ती येतील, पण त्यांचा आराखडा मिशनऱ्याने आखू नये. मंडळीने स्वतःचा कारभार, स्वतःचा खर्च आणि स्वतःचा प्रसार स्वतः करावा, हे सूत्र त्यांच्या व इंग्लंडमधील हेन्री व्हेन यांच्या नावाशी जोडले जाते.

या भेटीनंतर इंग्रजी शिक्षणाला कात्री लागली आणि देशी भाषांतील उपदेशावर भर देण्यात आला. याच सुमारास हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा देण्यात आली. या धोरणाचे दोन्ही बाजूंनी मूल्यमापन करणे आवश्यक आहे. विदेशी मिशनऱ्याने सूत्रे सोडावीत आणि स्थानिक मंडळीवर विश्वास ठेवावा, हा त्यातील आग्रह ईश्वरनिर्भरतेचाच व्यावहारिक आविष्कार होता. परंतु इंग्रजी शिक्षणाची मागणी करणाऱ्या लोकांची गरज त्यात डावलली गेली. पुढे याच मिशनला इंग्रजी शिक्षणाकडे पुन्हा वळावे लागले. फल देवावर सोपवणे आणि लोकांची मागणी न ऐकणे या दोहोंतील सीमारेषा प्रत्येक वेळी नीट ओळखली गेली, असे म्हणता येत नाही.

५. अनपेक्षित फळे :

उपदेशाचे फळ उपदेशकाच्या हातात नसते, या विधानाची ऐतिहासिक सत्यता मिशनने कल्पिलेल्या क्षेत्राबाहेर अधिक ठळकपणे प्रत्ययास येते. अमेरिकन मिशनचा छापखाना शुभवर्तमानाच्या प्रसारासाठी काढलेला होता. तेथे काम केलेल्या गणपत कृष्णाजी यांनी स्वतःचा छापखाना उभारून १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले. त्याच छापखान्यात लहानपणी उमेदवारी केलेल्या जावजी दादाजी यांनी पुढे निर्णयसागर छापखाना नावारूपाला आणला आणि संस्कृत धर्मग्रंथांच्या शुद्ध आवृत्त्या घरोघर पोहोचवल्या. ज्या यंत्राने हिंदू धर्माचे खंडन छापले, त्याच यंत्राच्या विद्येने त्या धर्माचे ग्रंथ जतन झाले.

शिक्षणाच्या क्षेत्रात असेच घडले. मिशनने १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली. पुढे अहमदनगर येथे कुमारी सिंथिया फरार यांच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले आणि १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. फुले स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले होते. ते ख्रिस्ती झाले नाहीत. १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. मिशनच्या तक्त्यात या घटनेसाठी रकाना नव्हता, परंतु महाराष्ट्राच्या इतिहासात तिचे स्थान अनेक बाप्तिस्म्यांपेक्षा मोठे आहे.

धर्मांतराच्या उदाहरणांतही पेरणारा आणि कापणी करणारा वेगवेगळे आढळतात. बाबा पदमनजी मुंबईतील मिशन शाळेत शिकले, परमहंस सभेत वावरले, अनेक वर्षे मानसिक संघर्षातून गेले आणि १८५४ मध्ये बेळगावात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात या संथ प्रवासाचे वर्णन आहे. नारायण वामन टिळकांची कथा अधिक बोलकी आहे. १८९३ च्या सुमारास राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि तोही भारतीय पाळकाच्या हस्ते. गाडीतील तो गृहस्थ कोण होता, हे अखेरपर्यंत कळले नाही. मराठी ख्रिस्ती साहित्याला त्याचा सर्वश्रेष्ठ कवी मिळाला, पण त्याच्या पेरणीचे श्रेय कोणत्याही मिशनच्या अहवालात जमा करता आले नाही.

टिळकांनी पुढे १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाल्याने हा प्रयोग अपुरा राहिला. तथापि ख्रिस्ताचा प्रभाव आणि मिशनची सभासदसंख्या या दोन गोष्टी एकच नाहीत, हे त्यांनी कृतीने दाखवून दिले.

६. दुष्काळ आणि विपुल पीक :

फळ न येणे ही श्रद्धेची एक कसोटी होती, तर एकाएकी विपुल फळ येणे ही दुसरी. १८७६–७८ च्या दुष्काळात व त्यानंतर अहमदनगर जिल्ह्यातील महार व मांग समाजांतून ख्रिस्ती मंडळीत येणाऱ्यांची संख्या वाढली. अन्नासाठी धर्म बदलला, असा आरोप तेव्हापासून केला जातो. या आरोपाचा विचार करताना आंध्रमधील अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनचे उदाहरण उपयुक्त ठरते. नेल्लोरचे ते ठाणे अनेक वर्षे निष्फळ राहिल्याने बंद करण्याचा प्रस्ताव वारंवार आला होता. दुष्काळात जॉन क्लाऊ यांनी ओंगोल भागातील लोकांना कालव्याच्या खोदाईचे काम मिळवून दिले, मात्र मदतकार्य चालू असेपर्यंत बाप्तिस्मे थांबवून ठेवले. मदत संपल्यावर लोक पांगतील, अशी शंका होती. प्रत्यक्षात ३ जुलै १८७८ या एका दिवशी २,२२२ जणांनी बाप्तिस्मा घेतला.

क्लाऊ यांच्या निर्णयात निष्फळतेच्या काळात शिकलेला धडा दिसतो. ज्याने पीक आणले नाही त्याने ते घाईने कापूही नये, हा तो धडा होय. तरीही हेतूंची शुद्धता मोजण्याचे साधन इतिहासकाराजवळ नाही. अन्न, माणुसकीची वागणूक, मुलांचे शिक्षण आणि श्रद्धा हे घटक दलित कुटुंबांच्या जीवनात एकमेकांत गुंतलेले होते. ज्यांना गावाने विहिरीवर येऊ दिले नाही, त्यांच्या निर्णयाला केवळ पोटाचा निर्णय म्हणणे हाही त्यांच्या विवेकाचा अवमानच आहे.

७. निष्काम कर्माशी तुलना :

मराठी वाचकाला या विवेचनात भगवद्गीतेच्या निष्काम कर्माची आठवण होणे स्वाभाविक आहे. कर्मावर अधिकार, फलावर नाही, ही शिकवण वरवर पाहता समान वाटते. परंतु एक भेद लक्षात घ्यावा लागतो. गीतेत फलाची आसक्तीच सोडावयाची आहे. ख्रिस्ती उपदेशक मात्र फलाची तीव्र इच्छा बाळगतो, त्यासाठी अश्रू ढाळतो, प्रार्थना करतो. फक्त ते आपल्या सामर्थ्याने येईल, असे मानत नाही. पहिल्या भूमिकेची परिणती समत्वात होते, तर दुसऱ्या भूमिकेची प्रतीक्षेत. अहमदनगरच्या मंडळीत कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी १८६० नंतर ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा रुजवली आणि टिळकांनी अभंगाचा आश्रय घेतला. त्यामुळे ही प्रतीक्षा वारकरी आर्ततेच्या भाषेत व्यक्त होऊ लागली, हे मराठी ख्रिस्ती परंपरेचे वैशिष्ट्य मानावे लागेल.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) फल ईश्वराधीन आहे ही धारणा मिशनकार्याच्या सातत्यामागील प्रमुख प्रेरणा होती. तिच्याशिवाय १८१३ ते १८२६ या कालखंडाचा उलगडा होत नाही.

२) ही धारणा दुधारी होती. तिने घाई व आमिष यांना आळा घातला, त्याचबरोबर काही प्रसंगी स्वतःच्या धोरणातील चुका न तपासण्याची सवडही दिली.

३) वर्गणीदारांसाठीचे अहवाल आणि ही धारणा यांत कायमचा ताण होता. मिशनच्या साधनांचा वापर करताना आकडेवारीमागील हा ताण अभ्यासकांनी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

४) मिशनच्या कार्याची सर्वांत टिकाऊ फळे अनेकदा मिशनच्या अपेक्षेबाहेर, कधी तिच्या हेतूविरुद्धही, निपजली. पंचांग छापणारे गणपत कृष्णाजी, सत्यशोधक फुले आणि ‘देवाचा दरबार’ भरवणारे टिळक ही त्याची उदाहरणे होत.

नाशिकच्या वाटेवर प्राण सोडणाऱ्या हॉल यांना यांपैकी काहीही दिसले नव्हते. आपल्या मागे काय उगवेल हे आपल्याला ठरवता येणार नाही, याची जाणीव ठेवून त्यांनी काम केले. शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्यांनाही या जाणिवेचे मोल पटण्यासारखे आहे.